नातवंडांना वाचता येईल असे लिहिताना : मंडळाच्या लेखकांसाठी टिपण

मंडळाच्या वार्षिक अंकासाठी दरवर्षी सदस्यांकडून लेख येतात. आठवणी, प्रवासवर्णने, श्रद्धांजली, कार्यक्रमांचे वृत्तांत, पाककृती असे सगळेच त्यात असते. लेखांत सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण बऱ्याचदा ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. लेख कसा लिहावा, किती लांब असावा, हिंदी शब्द चालतील का, असे प्रश्न अनेक जण विचारतात. त्या सर्वांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून संपादन समितीने हे टिपण तयार केले आहे. उदाहरणे इंदूरची आहेत, पण ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, धार येथील मराठी कुटुंबांनाही ती लागू पडतील.

आपला वाचक कोण?

लिहायला बसण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. मंडळाचा अंक तीन प्रकारचे वाचक हाती घेतात. पहिले म्हणजे आपल्या पिढीचे. त्यांना रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर ही नावे घेतली की घरे आणि माणसे डोळ्यांसमोर येतात. दुसरे म्हणजे पुण्या-नागपूरचे किंवा परदेशातले नातेवाईक. त्यांची मराठी पक्की असते, पण इंदूर त्यांनी पाहिलेले नसते. तिसरे म्हणजे आपल्या घरातली तरुण मुले आणि नातवंडे. ती आजीशी मराठीत बोलतात, पण शिकली हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून. देवनागरी त्यांना येते, तरी मराठी मजकूर ती सावकाश वाचतात. एखाद्या वाक्यात अडखळली की पान उलटतात.

आमची सूचना अशी की लेख या तिसऱ्या वाचकासाठी लिहावा. त्याला जे कळेल ते पहिल्या दोघांना कळेलच. शिवाय घरातली माहिती पुढे न्यायची आहे ती यानेच. १९५० च्या सुमारास मालव्यात आलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत, बरीच आपल्यात नाहीत. त्यांच्याबद्दल आपण लिहू तेवढेच नातवंडांच्या हाती राहील, आणि ते कळेल असे लिहिले तरच राहील.

काय लिहावे?

जे इतर कुठे छापलेले नाही ते आधी लिहावे. देवी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले, महेश्वरला राजधानी नेली, देशभर घाट आणि मंदिरे बांधली, हे अनेक पुस्तकांत आहे. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला हेही नोंदलेले आहे. पण तो सामना पाहायला आपले आजोबा कचेरीतून काय सबब सांगून निघाले, डब्यात काय होते, घरी परतल्यावर कोण रागावले, हे फक्त आपल्याच घरात ठाऊक आहे. अहिल्याबाईंवर लेख लिहायचाच असेल, तर आपल्या घरात त्यांच्या पुण्यतिथीला काय होत असे, पालखी कुठून दिसत असे, यापासून सुरुवात करावी.

या बाबतीत विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याचे त्यांनी ऐकले होते. दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हेतू होता. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा त्यांना आतून पाहावा लागला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी हे सारे लिहून काढले, आणि १९०७ साली ते पुस्तकरूपाने आले. गोडसे इतिहास लिहायला बसले नव्हते. काय पाहिले, काय खाल्ले, कुठे लपलो, किती दक्षिणा मिळाली आणि ती कशी लुटली गेली, हे त्यांनी लिहिले. म्हणूनच आज इतिहासकारही ते वाचतात. वैद्यांनी विचारले नसते तर हे पुस्तकच झाले नसते, हीही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे.

एका लेखात एकच गोष्ट

‘आमचे इंदूर’ या नावाखाली शाळा, गणेशोत्सव, सराफा, गिरणीचा भोंगा, लग्ने आणि नाटके असे सगळे एकदम आले की वाचकाच्या मनात काहीच राहत नाही. त्यातले एकच घ्यावे. गणेशोत्सवच घ्यायचा तर त्यातलाही एखादाच भाग निवडावा. आरास कोण करत असे, वर्गणी कशी जमत असे, मेळ्याची पदे कोण बसवत असे, हा प्रत्येक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बाकीचे पुढच्या अंकांसाठी ठेवावे. आठशे ते बाराशे शब्दांत एक गोष्ट नीट सांगून होते.

सुरुवात कशी करावी?

आलेल्या बहुतेक लेखांचा पहिला परिच्छेद काढून टाकला तरी लेखाचे काही बिघडत नाही. आभार, विनय आणि संस्कृतीचे गौरवगान यांतच तो संपलेला असतो. आम्हीच रचलेला एक नमुना पाहा :

‘सर्वप्रथम मंडळाच्या सर्व पदाधिकाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. मराठी संस्कृतीचा देदीप्यमान वारसा लाभलेल्या या नगरीत वास्तव्य करीत असताना बालपणीच्या रम्य आठवणींना उजाळा देण्याचा हा अल्पसा प्रयत्न. आमचे नाना अत्यंत शिस्तप्रिय, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल होते.’

आता तीच गोष्ट अशी सांगितली तर :

‘माझे वडील १९५१ साली सांगलीहून इंदूरला कापडगिरणीत हिशेबनीस म्हणून आले. घरात आम्ही त्यांना नाना म्हणत असू. पहिले सहा महिने ते रामबागेत तिघांबरोबर एका खोलीत राहिले. दर महिन्याच्या एक तारखेला पोस्टात जाऊन ते गावी पंधरा रुपयांची मनीऑर्डर करत आणि पावती एका वहीत चिकटवत. ती वही आजही आमच्याकडे आहे.’

दुसऱ्या नमुन्यात ‘शिस्तप्रिय’ आणि ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द नाहीत, पण ते गुण वाचकाला दिसतात. वर्ष, गाव, काम, रक्कम आणि एक वस्तू एवढ्यानेच माणूस उभा राहतो. विशेषण लिहावेसे वाटले की थांबून विचारावे : हे मला कशावरून वाटले? त्या प्रश्नाचे जे उत्तर येईल ते लिहावे.

नाती आणि नावे

आपल्या लेखांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो मराठी व हिंदी शेजारी नांदतात म्हणून होतो. घरात वडिलांना नाना, दादा, अण्णा, भाऊ, तात्या असे काहीही म्हणत असतील. पण हिंदीत शिकलेल्या नातवाला ‘नाना’ म्हणजे आईचे वडील आणि ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील. आपण ‘ताई’ म्हणतो ती थोरली बहीण, हिंदीतली ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ‘दादांनी ताईला इंदूरला आणले’ या वाक्यातून कोणी कोणाला आणले हे प्रत्येक वाचक वेगळे समजेल.

यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात.

१. घरातले संबोधन पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव आणि नाते लिहावे. त्यानंतर खुशाल ‘नाना’ म्हणावे.

२. ‘कझिन’ आणि ‘अंकल’ टाळावे. चुलत, आते, मामे, मावस हे चार शब्द सगळा उलगडा करतात. ‘मामेभाऊ’ म्हटले की तो कोणत्या घरचा हे कळते. जाऊ, नणंद, भावजय, साडू, व्याही हे शब्दही वापरात ठेवावेत. मुलांना ते लेखातूनच भेटतील.

३. स्त्रियांचे माहेरचे नाव आणि आडनाव जरूर द्यावे. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, तर बऱ्याचदा पहिले नावही बदलत असे. आजी सासरी ज्या नावाने ओळखली गेली ते नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावर नसते. दोन्ही नावे लिहिली नाहीत तर दोन पिढ्यांनंतर माहेरची अर्धी वंशावळ हरवते.

वर्षे आणि राज्ये

‘पूर्वी’, ‘त्या काळी’, ‘आमच्या लहानपणी’ हे शब्द लिहिणाऱ्याला स्पष्ट असतात, वाचणाऱ्याला नसतात. नेमके वर्ष आठवत नसेल तर आधार द्यावा : ‘मी पाचवीत होते, म्हणजे १९६२ च्या सुमारास’.

‘राज्य सरकारची नोकरी’ असे लिहिताना कोणते राज्य, हेही सांगावे. १९४८ पर्यंत इंदूर हे होळकरांचे संस्थान होते. २८ मे १९४८ रोजी इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले. त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले. म्हणजे १९४५ साली नोकरीला लागलेल्या माणसाने घर न बदलता तीन राज्यांची चाकरी केली. ‘कचेरीबरोबर दर हिवाळ्यात ग्वाल्हेरला जावे लागे’ अशी आठवण कोणाच्या घरी असेल, तर तिचा अर्थ हा संदर्भ दिल्याशिवाय नातवाला लागणार नाही.

गावांची नावेही बदलली आहेत. भेलसा १९५६ मध्ये विदिशा झाले, महू २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. जुन्या पत्रात जे नाव असेल ते तसेच ठेवावे आणि पुढे आजचे नाव द्यावे. शहरातल्या गल्ल्यांसाठी आजची एखादी ठळक खूण सांगावी, कारण घर पडून तिथे इमारत उभी राहिलेली असते.

तिथ्या, नाणी आणि मापे

जुन्या वह्या, लग्नपत्रिका आणि पत्रांत शके किंवा संवत असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावे. विक्रम संवत चैत्रापासून मोजला असेल तर त्यातून ५७ वजा करावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ५६. उदाहरणार्थ, शके १८७० चा चैत्र म्हणजे १९४८, आणि संवत २००५ चा चैत्रही तोच.

महिन्यांच्या नावांत मात्र एक अडचण आहे. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र उत्तरेकडचे पंचांग एक महिना पुढे असते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते, शेजाऱ्यांच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली. आजोबांच्या श्राद्धाची तिथी ‘भाद्रपद वद्य’ अशी लिहिलेली असेल आणि मुलाने ती हिंदी पंचांगात शोधली, तर तो बरोबर एक महिना आधीच्या दिवशी पोहोचेल. म्हणून तिथी लिहिताना ‘मराठी पंचांगाप्रमाणे’ असे म्हणावे आणि शक्य असेल तर इंग्रजी तारीखही द्यावी.

नाणी आणि मापे यांचेही तसेच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. ‘दोन आण्यांत पोटभर नाश्ता’ हे वाक्य गोड आहे, पण त्याच वेळी पगार किती होता हे सांगितले तरच त्याला अर्थ येतो. मण म्हणजे चाळीस शेर, सुमारे ३७ किलो. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमपेक्षा थोडे अधिक. अशी माहिती वाक्यातच एका छोट्या तुकड्यात द्यावी, वेगळा परिच्छेद नको.

सारखे दिसणारे, अर्थ बदलणारे शब्द

मराठी आणि हिंदीची लिपी एक आणि बरेच शब्द सारखे. त्यामुळे काही शब्द दोन्ही बाजूंनी फसवतात. आपण नकळत हिंदी अर्थाने लिहितो तेव्हा पुण्याचा वाचक अडतो, आणि शुद्ध मराठी अर्थाने लिहितो तेव्हा घरचा नातू अडतो. ‘आजोबांची शिक्षा इंदूरला झाली’ असे छापले गेले तर महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना आजोबा तुरुंगात होते असे वाटेल. नेहमी येणारे शब्द असे :

• शिक्षा : मराठीत दंड, हिंदीत शिक्षण.
• अभिमान : मराठीत चांगला गुण, हिंदीत बऱ्याचदा घमेंड. ‘गर्व’चे नेमके उलट. ‘मला मुलाचा गर्व आहे’ न लिहिता ‘अभिमान आहे’ लिहावे.
• कष्ट : मराठीत मेहनत, हिंदीत दुःख. ‘आईने कष्ट केले’ हे वाक्य हिंदी मनाला ‘आईने सोसले’ असे ऐकू येते.
• चेष्टा : मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न.
• हरकत : मराठीत आक्षेप, हिंदीत चाळे.
• आपत्ती : मराठीत संकट, हिंदीत आक्षेपही.
• संसार : मराठीत घरप्रपंच, हिंदीत जग.
• टीका : मराठीत दोष दाखवणे, हिंदीत लस किंवा कपाळावरचा टिळा.
• प्रकृती : मराठीत तब्येत, हिंदीत निसर्ग.
• अभ्यास : मराठीत शाळेचा किंवा विषयाचा, हिंदीत सराव.
• व्यस्त : हिंदीत कामात गुंतलेला, मराठीत उलटा. माणसासाठी ‘कामात’ किंवा ‘गुंतलेला’ म्हणावे.
• सही : मराठीत स्वाक्षरी, हिंदीत बरोबर.
• खाली : मराठीत तळाशी, हिंदीत रिकामे.

हे शब्द टाळा असे आमचे म्हणणे नाही. वाक्य असे असावे की अर्थ आपोआप ठरेल. ‘संसार’ नुसता न लिहिता ‘दोन खोल्यांचा संसार’ म्हटले की कोणीच फसत नाही.

आपली मराठी की पुण्याची?

हा प्रश्न दर बैठकीत निघतो. आमचे मत असे की निवेदन सर्वांना कळेल अशा साध्या प्रमाण मराठीत असावे आणि माणसांच्या तोंडची वाक्ये ती बोलली तशीच ठेवावीत. ‘काय करून राहिला रे?’ असे आजोबा विचारत असतील, तर त्यांच्या तोंडी ‘काय करीत आहेस?’ घालू नये. ते वाक्य सुधारले की आजोबाच नाहीसे होतात.

इथले पदार्थ, जागा आणि वस्तू यांची नावे इथलीच हवीत. ओटल्याला ओटला म्हणावे, मोहल्ल्याला मोहल्ला. भुट्ट्याचा कीस हा शब्द तर हिंदी आणि मराठी एकत्र नांदल्याची खूणच आहे, तो ‘मक्याच्या कणसाचा कीस’ करू नये. गराडू बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतो, तिथे ‘सराफ्यात थंडीत मिळणारे तळलेले कंद’ असे चार शब्द जोडावेत. पण जिथे रोजच्या वापरातला मराठी शब्द आहे तिथे केवळ सवयीने हिंदी शब्द येऊ देऊ नये : ‘कोशिश केली’ऐवजी ‘प्रयत्न केला’, ‘मदत मागितली’ असताना ‘सहायता’ नको. उलट टोकाला जाऊन ‘स्टेशन’चे ‘अग्निरथविश्रामस्थान’ करण्याचीही गरज नाही. स्टेशन, पोस्ट, मनीऑर्डर हे शब्द आता आपलेच आहेत.

वाक्य आणि परिच्छेद

लक्ष्मीबाई टिळकांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला आणि आजही तो अडखळल्याशिवाय वाचता येतो. कारण त्या बोलल्यासारखे लिहितात. आपल्यापैकी अनेक जण बोलताना रंगवून सांगतात आणि कागद समोर आला की कचेरीचा अर्ज लिहू लागतात. ‘सदर प्रसंगी उपस्थित राहण्याचे भाग्य लाभले’ म्हणजे ‘मी तिथे होतो’. लिहून झाल्यावर लेख मोठ्याने वाचावा. श्वास अपुरा पडला तिथे वाक्य तोडावे. जे वाक्य आपण घरी कधीच बोलणार नाही ते बदलावे.

‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ अशी वाक्ये आली की काम कोणी केले ते हरवते. ‘हॉल सजवण्यात आला’ यापेक्षा ‘महिला शाखेने आदल्या रात्री जागून हॉल सजवला’ हे खरेही आहे आणि ज्यांनी केले त्यांची नोंदही राहते. परिच्छेद चार-सहा वाक्यांचा असावा आणि जागा, काळ किंवा माणूस बदलला की परिच्छेद बदलावा.

शुद्धलेखन

साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. अंकात आम्ही हेच अठरा नियम पाळतो. ज्येष्ठ सदस्य त्यापूर्वी शिकलेले असल्याने ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ असे अनुस्वार देतात. ते आम्ही काढतो, पण जुने पत्र किंवा डायरी छापताना मूळचे तसेच ठेवतो. टंकलिखित मजकुरात नेहमी दिसणाऱ्या चार गोष्टी :

• हिंदी कळफलकामुळे ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडतो. वेळ आणि वेल, काळ आणि काल हे वेगळे शब्द आहेत.
• ‘ण’ आणि ‘न’ : मण म्हणजे चाळीस शेर, मन म्हणजे चित्त.
• ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ यांतही अर्धा ‘ऱ’ हवा.
• वाक्याच्या शेवटी मराठीत टिंब, हिंदीतला उभा दंड नाही.

शुद्धलेखन येत नाही म्हणून कोणी लिहायचे थांबू नये. ते सुधारणे आमचे काम आहे. माहिती मात्र फक्त आपणच देऊ शकता. ज्यांना टंकन जमत नाही त्यांनी वहीतली पाने पाठवावीत, मोडीतला कागद असला तरी पाठवावा.

निरनिराळ्या लेखांसाठी थोडक्यात

श्रद्धांजली : जन्म, माहेर-सासर, शिक्षण, काम आणि मंडळाशी संबंध एवढी माहिती आधी द्यावी. नंतर एकच प्रसंग, पण नीट. ‘भरून न येणारी पोकळी’ सर्वांच्या वाट्याला येते. ती व्यक्ती कशी हसत असे किंवा कोणत्या गोष्टीवर अडून बसत असे, हे फक्त तिचेच असते.

वृत्तांत : दीपप्रज्वलन, स्वागत, पुष्पगुच्छ यांनी सुरुवात करू नये. पाहुणे काय बोलले, नाटकात काय रंगले, मुलांनी काय केले ते आधी सांगावे. मान्यवरांची आणि साहाय्य करणाऱ्यांची नावे शेवटी, एकत्र, पूर्ण आणि अचूक द्यावीत.

पाककृती : ‘अंदाजाने’ हा शब्द नवख्याला उपयोगी नाही. वाटी केवढी, आच मंद की मध्यम, आणि पदार्थ झाला हे रंगावरून किंवा वासावरून कसे ओळखायचे, हे लिहावे. पदार्थ घरात कोणाकडून आला हेही एका ओळीत सांगावे.

ज्येष्ठांना विचारताना

अनेक घरांत लिहिणारे नसतात, सांगणारे असतात. मुलांनी त्यांच्याजवळ बसून मोबाइलवर आवाज टिपावा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे विचारले तर ‘काय सांगायचे, साधेच आयुष्य’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावेत : इंदूरला कोणत्या गाडीने आलात? सामानात काय होते? पहिल्या दिवशी जेवलात कुठे? घरभाडे किती होते? हिंदी कोणाकडून शिकलात? जुना फोटो समोर ठेवला की बोलणे आपोआप सुरू होते. बोलून झाल्यावर त्याच दिवशी फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत.

हयात व्यक्तींबद्दल लिहिताना त्यांना आधी विचारावे. घरातले वाद, आजार, पैशाचे व्यवहार छापण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी. पत्ते आणि फोन नंबर लेखात देऊ नयेत.

पाठवण्यापूर्वी

१. पहिल्या तीन वाक्यांत कोण, कुठे, केव्हा हे आले का?
२. प्रत्येक संबोधनाचे पूर्ण नाव आणि नाते एकदा तरी आले का?
३. स्त्रियांची माहेरची नावे आहेत का?
४. तिथी, नाणे, माप, जुने स्थळ यांचा आजचा अर्थ दिला का?
५. विशेषणांच्या जागी प्रसंग किंवा वस्तू आहे का?
६. घरातल्या एखाद्या तरुण मुलाला लेख वाचायला दिला का? तो कुठे थांबला?

यांतला सहावा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नातू किंवा नात शेजारी बसवून लेख वाचून घ्यावा. ‘आजी, हे तात्या कोण?’ असे त्याने विचारले की तिथे एक वाक्य वाढवावे. ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले की लेख जमला असे समजावे. आणि ते उत्तर लेखात नसेल, तर तेही लिहून काढावे. पुढच्या अंकाचा लेख तिथेच सुरू होतो.